मोडलेली सावड

१९ एप्रिल

आज लोडर वापरायचाच! छोटा ट्रॅक्टर दारात येऊन बारा दिवस झाले, त्याच्या पुढचं लोडरचं बकेट अजून कोरं. येणारा-जाणारा विचारतो, "अनिल, ह्याचा करायचा काय?" भिवंडीच्या गोदामात एकवीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. आता गावी नुसतं बसवत नाही, हात शिवशिवतात.

उकिरड्यातलं शेणखत उचलायला घेतलं. ढिगाला धडक दिली की बकेट अर्धंच भरतं. जमिनीलगत सपाट घुसवून हळूच उचललं — काठोकाठ!

२० एप्रिल

थोडक्यात वाचलो. उतारावर भरलेलं बकेट छातीएवढं वर, आणि मागची दोन्ही चाकं हवेत! फोर्कलिफ्टला मागचं वजन कारखान्यातूनच येतं. इथं ते आपण लावायचं, हे डोक्यातच नव्हतं. उलट वळायला बरं म्हणून मागचा माती फोडायचा जड रोटाव्हेटर मीच काढून ठेवलेला. बकेट झटकन खाली टेकवलं म्हणून बरं.

शेजारच्या तुळसावहिनी बांधावरून बघत होत्या. "भावोजी, डोक्यावर पाटी घेतली की कंबर कसाय लागते. तुमच्या गाडीला कंबरच नाय!"

रोटाव्हेटर परत जोडला. बकेट गुडघ्याच्या वर न्यायचं नाही. आता गाडी कशी जमीन धरून चालते! संध्याकाळपर्यंत सगळं खत शेतात.

२२ एप्रिल

वाडीत खत वाहायची सावड असते. बारा घरच्या बारा बाया, आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. आज आमची पाळी. सकाळी अकरा जणी पाट्या घेऊन दारात. मी ऐटीत म्हणालो, "कशाला त्रास? आमचं खत परवाच पडलं. आणि मंजुळालाही आता पाटी उचलायची गरज नाही."

तुळसावहिनींनी पाटी काखेत मारली. "बरं." एवढंच.

मंजुळानं दुपारी ताट माझ्यापुढं आदळलं. बायकोचं ओझं उतरवलं, तर हा राग! काही कळत नाही.

११ मे

खत झालं, बांधांची माती झाली, अंगणातला दगडही हलवला. लोडरच्या पिनांना ग्रीस भरून भरून ग्रीस संपलं. आता काय उचलू?

३० जून

रोप लावणीला आलं. वाडीच्या पाळ्या ठरल्या, त्यात आमचं घरच नाही! वाडीतले सगळ्यात म्हातारे येसाजीदादा, त्यांना विचारलं. म्हणाले, "खताला मोडलीस, मंग लावणीला कोन येनार? सावड काय अर्धी असते रे?"

पायाखालची जमीनच सरकली. लोडर टनभर माती हलवतो. भाताची एक काडी लावता येत नाही त्याला.

२ जुलै

मजूर शोधत वरंधपर्यंत जाऊन आलो. जो तो आपल्या शेतात. रोप पिवळं पडू लागलंय. आठवडाभरात लागलं नाही तर वर्ष गेलं.

४ जुलै

तुळसावहिनींकडे गेलो. म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात बाराही घरांचं खत लोडरनं टाकून देतो.

"तुमची मशीन दमते काय, भावोजी?"

"नाही."

"मंग ती सावड नाय."

घरी येऊन मंजुळाला सांगितलं. तिचा बांध फुटला. "तुमी भिवंडीत होता तवा हे शेत कोनी लावलं? ओम पोटात होता तवा माझी पाटी कोनी उचलली? मला इचारलंत तरी काय?"

नव्हतं विचारलं. लाज वाटली, फार लाज वाटली.

५ जुलै

मंजुळा उजाडताच पावसाचं इरलं घेऊन निघाली — तुळसावहिनींच्या शेतात लावणीला! आपलं रोप पिवळं पडतंय आणि ही दुसऱ्याचं लावणार? ओरडलो तिच्यावर. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं.

७ जुलै

कालही गेली, आजही. रोज वेगळं शेत. मी नुसता येरझारा घालतोय. ट्रॅक्टरकडे बघवत नाही.

८ जुलै

अकरा जणी आल्या! मंजुळा बारावी. पँट दुमडून मीही चिखलात उतरायला गेलो, तर तुळसावहिनींनी हात आडवा धरला.

"आमी मंजुळाच्या शेतात आलोय. तुमी कोनाचे?"