ह्यांच्या सुरासाठी आणलेला माइक

२८ सप्टेंबर, रविवार

आला एकदाचा! ह्यांचा सूर दुरुस्त करणारा माइक.

दोष माइकचाच, हे आमच्या घरात ठरलेलं. गेल्या दिवाळी पहाटेला विद्यानगरच्या मराठी मंडळात हे भावगीत म्हणायला उभे राहिले आणि अंतऱ्यापाशी निम्मी मंडळी चहाकडे वळली. निकाल लागला — "माइक रद्दी होता." यंदा मंडळाच्या मिलिंदनं गोडीगुलाबीनं सांगितलं, "काका, टेन्शन नक्को. आधी रेकॉर्डिंग पाठवा, कमिटी ऐकेल." चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाची परीक्षा! हे पेटले.

पुष्करच्या, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या, हिमायतनगरच्या स्टुडिओत नवा माइक यायचाच होता. दिसायला दुधीएवढा. आत जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ धातूची पट्टी. तिला रिबन म्हणतात. तापायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात गाणारा गार पडतो, पण हे कोण सांगणार!

हे समोर उभे राहिले आणि सवयीनं "फू फू" करायला तोंड पुढं नेलं — पुष्करनं झटकन हात मध्ये घातला. "बाबा, फुंकर मारली तर पट्टी फाटेल!" बिचारे. फुंकल्याशिवाय ह्यांनी आजवर एकही कार्यक्रम सुरू केलेला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. स्टुडिओतल्या हत्यारांची पूजा करायला मी गेले. हेडफोन, वायरी, पक्कड, सगळं पाटावर मांडलं. माइकही आडवा करायला घेतला तर पुष्कर केवढ्यांदा ओरडला! "आई, आडवा नको! पट्टी लोंबते!" आजच्या दिवशी हत्यारांनी विश्रांती घ्यायची, आणि ह्यालाच उभं राहायची शिक्षा. शेवटी कुंकू स्टँडला लावलं, झेंडू पायाशी वाहिला. उदबत्तीसुद्धा लांबूनच. जावयाचे एवढे लाड नाही होत.

३ ऑक्टोबर

ताक बंद, दही बंद, लोणचं बंद. भांडण तेवढं चालू.

५ ऑक्टोबर, रविवार

रेकॉर्डिंग झालं. मलाही नेलं होतं. "तू समोर दिसलीस की मी अडखळतो, माइकच्या मागं बस," म्हणाले आणि स्वतःच खुर्ची ओढून दिली. चार वेळा गायले. चौथ्यांदा तर सूर अंबरपेठेला आणि हे हिमायतनगरला.

"कसं झालं?"

"छान!"

लग्न झाल्यापासून हाच शब्द. गंमत अशी की आधी तो खरा होता. हे गायला लागले की गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. आता लोक पंख्याचा वेग वाढवतात.

खरं बोलायला जीभ रेटत नाही. रिटायर झाल्यापासून ह्यांना सकाळी उठवणारं तेवढं गाणंच आहे. ते मी काढून घेऊ? आणि नाही बोलले तर वीस तारखेच्या दिवाळी पहाटेला अख्ख्या मंडळासमोर हसं होणार. दोन्हीकडून मला भीतीच वाटते.

७ ऑक्टोबर

पुष्करचा फोन. "आई, तू मधे बोलत होतीस का?"

छे, म्हटलं, मी कशाला बोलू! त्यानं फोनवरच ऐकवलं. ह्यांचा आवाज, आणि त्याच्या खाली स्पष्ट माझा — "गेला... गेला... अजून खाली... अहो धरा की... संपलं."

पुटपुटायची माझी जुनी खोड. पण मी तर मागं होते! पुष्कर म्हणाला, "हा माइक पुढचं जेवढं ऐकतो तेवढंच मागचं ऐकतो. फक्त बाजूनं बहिरा." शेजारणीचे गुण सगळे!

म्हटलं, माझा आवाज काढून टाक. म्हणाला, दोन्ही आवाज एकातच मिसळलेत, काढता येत नाहीत. आणि फाइल बाबांच्या मोबाइलवर कालच गेलीय.

८ ऑक्टोबर

हे सकाळपासून कानाला हेडफोन लावून बसलेत. जेवायला उठले, भाजीला नावं ठेवली नाहीत. म्हणजे ऐकलंय.

१० ऑक्टोबर

हेडफोन अजून कानालाच. सकाळचा रियाझही नाही. घर इतकं शांत झालं की मला बेसूरच बरा वाटायला लागला. अडतीस वर्षं जपलेल्या माणसाला मी चार मिनिटांत मोडलं. आज पोळ्या लाटताना रडले. उद्या माफी मागणार.

११ ऑक्टोबर

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी मिलिंदला फोन लावला. "माझं नाव काढा. हौ, तब्येत झकास आहे, सूर नाही."

म्हटलं, अहो चुकलंच माझं, मला कुठं माहीत की मागचंही ऐकू येतं!

"मला माहीत होतं," हे म्हणाले. "पुष्करनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तू पुटपुटतेस हे तर लग्नापासून ठाऊक आहे. काय पुटपुटतेस, ते एकदा ऐकायचं होतं."