अकरा मिनिटं

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले. मोबाइलवर उत्तर द्यायचं टाळलं, कारण रागाच्या भरात दोन शब्द लिहून मी मोकळी झाले असते. म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर चष्मा लाव. लहानपणापासून तुला त्याची उगाचच लाज.

इकडे ठीक. बाबांचा गुडघा तसाच आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ते फक्त डॉक्टरांसमोर करतात. स्वयंपाकघरातला नळ गळतो. अख्ख्या शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या बाईच्या घरी नळ गळतो म्हणून शेजारीण टोमणे मारते, पण वॉशर आणायला सवड होत नाही.

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात बरेच बदल झालेत. ते तुझ्यामुळेच झाले, तेव्हा तुला कळवायला हवेत. कंट्रोल रूमला आता दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. कॉम्प्युटरला बाहेरचं काही जोडता येईल अशी सगळी भोकं बुजवली. दर बुधवारी आम्ही स्क्रीन मुद्दाम बंद करतो आणि चार तास केंद्र हातांनी चालवतो. व्हॉल्व्हची चाकं फिरवायची, दर अर्ध्या तासाला बाटलीत नमुना घेऊन क्लोरीन तपासायचा, आकडे वहीत लिहायचे. पहिल्या बुधवारी आमच्या तरण्याताठ्या इंजिनियरांना मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हेच सापडेना. हा सराव मी घेते. मोठ्या साहेबांचं म्हणणं, ज्याला चटका बसलाय त्यानेच शिकवावं. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

केंद्राची सुरक्षा तपासायला मोठ्या साहेबांनी तुला गुपचूप नेमलं होतं, त्याचा तुझा अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. चांगला लिहिला आहेस. मेसेजमध्ये तू म्हणतोस, काम होतं ताई, मनावर घेऊ नकोस, खऱ्या हल्लेखोरानेही घरच्याच माणसाला हाताशी धरलं असतं. बरोबर आहे. दोन लाख लोक ते पाणी पितात. मी तुला आत घ्यायलाच नको होतं. गेटवरच्या पहिलवान वॉचमनने तुला दोनदा अडवलं, परवानगीची चिठ्ठी मागितली. मीच त्याला म्हटलं, "अहो, माझा भाऊ आहे." आणि रजिस्टरमध्ये 'काम' या रकान्यात 'घरचं' असं लिहून सही ठोकली. त्याने अडवल्याचं तुझ्या अहवालात एक अक्षर नाही. त्याला काढूनच टाकणार होते. चूक सर्वस्वी माझी, असं मी लेखी दिलं, तेव्हा तो राहिला. माझी बढती दोन वर्षं पुढे गेली. तेही रास्त आहे.

इथपर्यंत माझी तक्रार नाही.

अहवालातल्या पान चौदाबद्दल लिहायचं म्हणून बसले आणि नळाबद्दल लिहीत राहिले, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तू काकांना सांगितलंस की ताईने दवाखान्यात न्यायला उशीर केला. तिच्या आजारपणात पाच महिने तू एकदाही आला नव्हतास. त्या दिवसापासून आपण बोललो नाही. पण ते तुझं वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. भांडी घासताना, बसची वाट बघताना मी ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवते. तिला धाप किती वाजता लागली, मी गाडी किती वाजता बोलावली, मध्ये मी चहा का केला.

आणि मग त्या दुपारी तू केंद्रात आलास. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसलास, माझ्या डब्यातले दोन घास खाल्लेस आणि म्हणालास, "ताई, उशीर तू नाही केलास. मी आलो नाही. ते मला सोसवेना, म्हणून तुझ्यावर ढकललं."

पान चौदावर ते असं आहे: 'जुन्या कौटुंबिक वादाचा आधार घेऊन संबंधित कर्मचाऱ्याची माफी मागण्यात आली. कर्मचारी भावनिक झाल्याने अकरा मिनिटे जागेवर नव्हत्या. या वेळेत उपकरण जोडण्यात आले.'

मला हे कागदावरून कळलं असतं तरी चाललं असतं. पण मला कळलं ते सभागृहात, सगळ्या स्टाफसमोर. तू व्यासपीठावर उभा राहिलास तेव्हा मी शेजारच्या लॅबवाल्या बाईंना कौतुकाने सांगितलं, हा माझा धाकटा भाऊ. मग पडद्यावर फोटो आले. तुझ्या शर्टाच्या बटणातल्या कॅमेऱ्याने टिपलेले. माझी खुर्ची, माझा उघडा डबा, दाराकडे जाणारी माझी पाठ. लॅबवाल्या बाईंनी मान खाली घातली. मीही घातली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून समजलं.

चौकशीत मला विचारलं, अकरा मिनिटं कुठे होतात? मी लिहून दिलं, पिण्याचं पाणी आणायला गेले होते. ते खोटं आहे. टेबलावर भरलेला जग होता, तो तुझ्या फोटोतसुद्धा दिसतो. बाकी सगळं खरं लिहून दिलं, एवढंच लपवलं.

मी बाथरूममध्ये होते. नळ पूर्ण सोडून, तोंडावर ओढणी दाबून रडत होते. दुःखाने नाही रे. सुटल्यासारखं वाटलं म्हणून. तुला डोळे लाल दिसू नयेत म्हणून तीनदा तोंड धुतलं. आरशात बघून स्वतःलाच म्हटलं, बाई, तू उशीर केला नव्हतास. चार वर्षांत पहिल्यांदा मला ते पटलं. त्या वेळी तू माझ्या टेबलाखाली वायर चाचपत होतास.

तू लिहिलंस की शब्द खरे होते, फक्त वेळ कामाची होती. असेलही. पण मला ते आता तपासता येत नाही, बारक्या. पाण्यात काय मिसळलंय ते मी नमुना घेऊन सांगते, तुझ्या बोलण्याचा नमुना कुठे घेऊ? उद्या तू दारात येऊन खरोखर रडलास, तरी मी आधी तुझ्या शर्टाच्या बटणांकडे बघेन. तू माझा दोष काढून घेतलास आणि अकरा मिनिटांत परत दिलास. आता तो कोणीच काढू शकणार नाही, तूसुद्धा नाही.

एखाद्या रविवारी घरी येऊ का, असं विचारलं आहेस. ये. त्या दुपारी घरी गेल्यावर मी बाबांना सगळं सांगून बसले, तू काय म्हणालास ते शब्दन् शब्द. तेव्हापासून ते रोज विचारतात, बारक्या कधी येणार? अहवालाचं त्यांना माहीत नाही आणि मी सांगणार नाही. त्यांच्यासमोर बस आणि ते वाक्य पुन्हा म्हण. मोठ्याने म्हण, त्यांना ऐकू कमी येतं. खोटं असलं तरी खरं वाटेल असं म्हण. ते तुला जमतं.

मी पुढच्या रविवारची ड्यूटी मागून घेतली आहे, सात ते तीन. घरी काय बोलणं झालं ते मला फोन करून सांगू नकोस. केंद्रावर येऊ नकोस, गेटवर तुझा फोटो लावलाय आणि तो मीच लावला आहे.

तीनच्या आत घरून निघ.

ताई