उघाडीशिवायचं पोट

पेण, रविवार, सन १९९६

चि. सौ. धोंडूस,

ताईचे पोटभर आशीर्वाद (पोटात हल्ली जागा झालीय). भावोजींना नमस्कार. तुझे पित्ताचे खडे काय म्हणतात? अजून ओव्याच्या पाण्याने विरघळवतेस? माझे गेले गो, पिशवीसकट! दुर्बिणीने चार भोकं पाडली, कान टोचल्यासारखी. आणि तुला जिची धास्ती ना, ती पोटातून बाटलीत सोडायची नळी, ती घातलीच नाही. डॉक्टर म्हणाले, आत काही गळायची भीती असली तरच घालतो, उगाच नाही.

मी खूश. पण आमच्या ह्यांचा जन्म मिठागरात गेलेला. म्हणाले, "बांध घातलात, पन पानी सोडायची उघाडी कुठं हाय? पानी जानार कुठून? पहिल्या उधाणाला फुटंल!" डॉक्टर म्हणाले, थोडंफार पाणी शरीरच पिऊन टाकतं. "जमीन असं पानी पीत असती तर आमी मीठ कशाचं पिकवलं असतं?" डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. (एवढा शिकलेला, पण मिठागर कुठे बघितलंय त्याने?) नळी घातल्याशिवाय बाईला घरी नेणार नाय, म्हणून हे दारातच बसले. इकडे येत्या गुरुवारी आमच्या निलेशच्या लेकीचं बारसं, माझी पहिली नात, पाळणा मी नाही म्हणायचा तर कोणी!

मग मी आयाकडून सलाईनची रिकामी बाटली नि नळी मागून घेतली, टोक पोटावरच्या पट्टीखाली खोचलं. ह्यांचा जीव भांड्यात. तासाभराने पुन्हा, "वाहत नाय, गाळ अडकला!" हे काडी शोधायला गेले, तेवढ्यात मी कपातला गवती चहा, कोरा, बाटलीत ओतला. नळी वाहिली म्हणून ह्यांनी खुशीत वॉर्डभर नातीचे पेढे वाटले. तेवढ्यात डॉक्टर आले नि बाटली बघून पांढरेफटक. "पित्त गळतंय! आणि ही नळी घातली कोणी?" सिस्टर रडायला लागली, मला परत आत न्यायची गाडी आली. शेवटी मीच म्हटलं, वास घ्या. त्यांनी घेतला. बराच वेळ घेतला. लगेच घरी सोडलं (घालवलं म्हण). ह्यांना अजून वाटतं डॉक्टर हरले.

तुझी,
आनंदीताई

ता. क. बारशाला येताना चार दिवसांची लुगडी आण. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी तुला एके ठिकाणी नेणार आहे. देवदर्शन समज.

ता. क. दुसरा. शिफ्टला जातो सांगून काल भावोजी निघाले ना, ते इथे येऊन माझ्याच डॉक्टरांकडे तुझ्या ऑपरेशनच्या कागदावर सही करून गेले.