व्याह्यांच्या छातीला पेटी लावल्याबद्दल

आदरणीय व्याहीबुवा महादेवराव यांच्या सेवेशी,

अमरावतीहून पुंजाराम गावंडेचा दोन्ही हात जोडून नमस्कार. ('व्याहीबुवा' लिहावं की नुसतं 'महादेवराव', यावर घरात सकाळपासून दोन तट आहेत. साक्षगंधात टिळा लागला, पण अंगठी राहिली, तेव्हा नातं लागलं की नाही हे मला कळत नाही. तूर्त लिहून ठेवतो, नको असेल तर खोडा.) इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे, पण आमची लेक आचल रविवारपासून धड जेवत नाही. आपली प्रकृती कशी आहे? या वेळी हे मी नुसतं रीत म्हणून विचारत नाही. फोन केला असता, पण आपला फोन विहीणबाईंकडे असतो आणि माझं नाव दिसलं की त्या कापतात.

विहीणबाईंचा निरोप मिळाला. महादेवराव जेवणावर डुलकी घेत होते, त्यांचा सदरा कापला, छातीला पेटी लावली. हे कायद्यानं करावंच लागत होतं असा कागद दाखवा, नाहीतर अपमान समजू आणि लग्न मोडू. अट रास्त आहे. तेव्हापासून मी तोच कागद शोधत हिंडतो आहे, आणि जितका हिंडतो तितका माझा गोंधळ वाढतो.

पेटी आमच्या मंगल कार्यालयात आली कशी, ते आधी सांगतो. (मी तिथला मॅनेजर, म्हणजे हॉल सोडून सगळ्या गोष्टींना जबाबदार.) चार महिन्यांपूर्वी एका कंपनीचं पत्र आलं, खाली गोल शिक्का. जिथे लोक जमतात तिथे बंद पडलेलं हृदय चालू करायची पेटी ठेवणं बंधनकारक आहे, असा मजकूर होता. आमचे अध्यक्ष शिक्क्याला फार भितात. आठ दिवसांत पेटी भिंतीवर. नेमका कोणता कायदा, हे विचारायचं राहून गेलं, ते आता विचारतो आहे. आग विझवायच्या नळकांड्यांचे कागद जिथे होतात त्या टेबलावर गेलो, तर साहेब म्हणाले, "आग लागली त या. मानूस बंद पडला त थो आमच्या टेबलावर येत नाही." आरोग्याच्या टेबलावर म्हणाले, पेटी असणं फार चांगलं. मी म्हटलं, मग तसं लेखी द्या. तर म्हणे, "लेखी काहून? कंपलसरी थोडीच हाय." शेवटी वकील गाठला. ठेवलीच पाहिजे असं त्यांना कुठे सापडलं नाही, ठेवू नये असंही सापडलं नाही. कुठल्या ठिकाणी काही नियम असला तर शोधून दिवाळीपर्यंत सांगतो म्हणाले.

आता मुख्य प्रसंग. आपण सोफ्यावर एका अंगाला कललात तेव्हा मी जिलेबीच्या बाजूला होतो. आमचा लाइटवाला किशोर (नांदगाव पेठेच्या कारखान्यात असताना अशी पेटी चालवायला शिकलेला) म्हणतो, त्यानं हाका मारल्या, खांदे हलवले, आपण ओ दिली नाही. पेटी उघडल्याबरोबर आतली बाई हिंदीत बोलू लागली. छातीवरचे कपडे काढा म्हणाली. आत कात्री होती, किशोरनं सदरा कापला. आत वस्तराही होता. पट्ट्या चिकटायला जागा साफ लागते म्हणून त्यानं तोही फिरवला, आणि इथेच घात झाला. साक्षगंधाच्या मांडवात, कपाळावर ओला टिळा असताना जित्या माणसाची हजामत. बायकांकडून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. त्यात विहीणबाई आपल्याजवळ धावल्या आणि नेमकी तेव्हाच पेटीतली बाई म्हणाली, मरीज को कोई न छुए. विहीणबाईंनी विचारलं, "हे बाई कोन व्हय, मले माह्या मानसाले हात लावू नको म्हननारी?" बाईनं पुढे सांगितलं की झटक्याची गरज नाही, छाती दाबा. किशोरनं दोनदा दाबली, आपण डोळे उघडले आणि त्याच्या कानाखाली ठेवून दिली. किशोरची तक्रार नाही. तो म्हणतो, जोर चांगला होता, म्हणजे तब्येत बरी असावी.

हेही मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. पण आपण सोफ्यावर कललात. (फाटकाबाहेर रस्ता आहे, पण तिथवर आपल्याला कोण नेणार?) तर महादेवराव, कागद नाही. माझ्याकडे फक्त माफी आहे. आचलला आपले चिरंजीव अमोलराव मनापासून आवडले आहेत, आणि माझ्या भिंतीवरच्या पेटीपायी तिचा संसार मोडला तर मी तिला तोंड कसं दाखवू? सदरा नवीन शिवून देतो. विहीणबाईंना समजवा.

आपला आज्ञाधारक,
पुंजाराम

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात कंपनीचा माणूस नव्या पट्ट्या बसवायला आला. पेटी आतल्या आत हृदयाची नोंद ठेवते, हे मला आजच कळलं. त्यानं आपल्या नोंदीचा कागद काढून दिला. मी तो घेऊन इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन जागी बोट ठेवलं, तिथे कितीतरी वेळ ठोकाच नाही, नुसती सरळ रेघ. म्हणाले, "हा मानूस झोपला नव्हता. आजच्या आज दाखवा." मी ती रेघ घेऊन तसाच घरी आलो आणि आचलला हाक मारली.

ता. क. दुसरा. हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. आचल ते आणि तो कागद घेऊन अकोल्याच्या गाडीत बसते आहे. लग्नाआधी सासरचा उंबरा ओलांडायचा नाही असं तिच्या आईनं बजावलं आहे, म्हणून ती दाराबाहेरच उभी राहील. आपण चपला घाला आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. विहीणबाईंनाही सोबत घ्या, राग असेल तर रागासकट. लग्न मोडायचंच असेल तर खुशाल मोडा, महादेवराव. पण ते सांगायला पुढच्या महिन्यात तुम्ही स्वतः या.