दांड्याची दोन भोकं

३ जानेवारी

बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे दातेरी क्रॅम्पॉन घ्यायला गेले आणि बूट घरी! दुकानदारीण चष्म्यावरून बघत म्हणाली, "टोपी घ्यायला डोकं घरी ठेवून आलात?" हसले आणि परत आले. इतकी वर्षं पेपरात लोकांच्या चुका काढून पोट भरते आहे.

४ जानेवारी

बर्फात चालायच्या शिबिराला नाव दिलंय, हे नवऱ्याला जेवताना सांगितलं. त्याने पाण्याचा पेला भरला, प्यायला. "बरं." तेवढंच. घरातला डोंगर चढणारा तो. घसरून घोटा मोडला, दोघांनी खांद्यावर घालून खाली आणला, तेव्हापासून विषय बंद. "बूटसुद्धा देऊन टाकले," म्हणाला होता.

भांडला असता तर बरं. "जा" म्हणाला नाही, "नको" म्हणाला नाही. मी जाणार तर आहेच. पण त्याच्या तोंडून एक शब्द हवाय.

७ जानेवारी

पुरवणीची पानं लवकर छपाईला सोडली आणि बूट घेऊन दुकानात. बाईंनी बूट हातात धरून मधोमध वाकवला. "वाकतो. मग पट्ट्यांनी बांधायचेच घ्या. टाचेला खटका बसतो ते कडक बुटांसाठी." मला खटक्याचेच आवडले होते. दिसायला झकास!

बारा दात्यांचा जोड उचलला, तर म्हणाल्या, "बर्फाच्या भिंती चढणार आहात?"

"नाही. उतारावर चालायचंय."

"मग दहा पुरेत." ॲल्युमिनियमचा हलका होता, तोही काढून घेतला. "खडकावर चार पावलं टाकलीत की दाते बोथट. पोलादाचे घ्या. खाली रबरी थर हवाच, नाहीतर बर्फाचे लाडू चिकटतात."

घेतला.

८ जानेवारी

ऑफिसात बातमी पसरली. क्रीडा पानवाला : "मॅडम, घसरलात तर आमच्या पानावर घ्यायचं की पहिल्या?"

"आधी तुझं पान वेळेत सोड. मग घसरेन."

१२ जानेवारी

रविवार. दिवाणखान्यात जुनी सतरंजी टाकून सराव. क्रॅम्पॉनच्या पुढच्या नि मागच्या भागांमधला लोखंडी दांडा सरकवून माप बसवायचं. त्याला भोकं असतात, खिट्टी त्यांत अडकते. पट्टे सोडून बूट उलटा धरायचा आणि हलवायचा. क्रॅम्पॉन पडला नाही तर माप बरोबर. पडला नाही!

मग बांधून चालून पाहिलं. बकलं आतल्या बाजूला आली, एका पायाचा दाता दुसऱ्या पायाच्या पट्ट्यात. धाडकन सोफ्यावर. नवरा पेपर वाचत होता. पेपर खाली आला, पुन्हा वर गेला.

पेपरामागून : "बकलं बाहेर."

दोन शब्द! पण ते बकलांबद्दल.

१५ जानेवारी

पानं. पानं. पानं.

१७ जानेवारी

लेकीचा फोन. "बाबा काय म्हणतायत?"

"बकलं बाहेर."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच."

ती हसत सुटली. मग म्हणाली, "आई, त्यांना एकटं सोडून जाणारेस?" म्हटलं, तो डोंगरावर जायचा तेव्हा मीही घरी एकटीच असायचे. उत्तर बरोबर होतं. तरी दिवसभर तोंडात कडू चव.

२० जानेवारी

त्याने आज विचारलं, शिबिर कुठल्या बाजूच्या उतारावर. सांगितलं. "सकाळी टणक असतो तो. दुपारी भुसभुशीत." मी पुढचं ऐकायला थांबले. तो भाजी चिरायला गेला.

२३ जानेवारी

पिशवी भरायला घेतली. भरण्याआधी क्रॅम्पॉन बसवून बूट उलटा धरून हलवला — क्रॅम्पॉन खाली पडला! दोन्ही क्रॅम्पॉनचा दांडा दोन भोकं लांब. मी हात लावलेला नाही.

जिन्याखालचं कपाट उघडलं. देऊन टाकलेले बूट तिथेच. त्यांवर क्रॅम्पॉनच्या पट्ट्यांचे ठसे ताजे.

दांडा मागे घेतला नाही. दोन्ही उचलून त्याच्या बुटांशेजारी ठेवले. दुकानात फोन केला, तसाच आणखी एक जोड बाजूला काढून ठेवा.

"कुणासाठी हो?"

"माझ्यासाठी."