‘आम्ही’ म्हणजे किती जण

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. खोकला आटोक्यात आहे. तुझी भावजय म्हणते माझं वजन वाढलंय. ती काहीही म्हणते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं पुस्तक वाचून “छान झालंय” एवढंच म्हणालीस आणि त्यानंतर चौदा महिने गप्प. काय बिनसलं ते कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

सध्या एका अडचणीत आहे. पुस्तकातली आईवरची ती कविता एक बाई त्यांच्या भाषेत नेताहेत. भारी चिवट बाई. ‘आम्ही आईचे केस धुतले, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरला’ इथे अडून बसल्यात. त्यांच्या भाषेत ‘आम्ही’ला दोन शब्द आहेत. दोघांसाठी एक, त्याहून जास्त असतील तर दुसरा. त्यांनी सरळ विचारलं, “तुम्ही खोलीत किती जण होता?”

आधी लिहिलं, कवी स्वतःलाच ‘आम्ही’ म्हणतात, राजेमहाराजे म्हणायचे तसं. मग लिहिलं, दोघं. मग लिहिलं, बरेच. तिन्ही कागद फाडले. पंचवीस वर्षं पोरांना कविता शिकवतोय आणि खोलीतली माणसं मोजता येईनात.

ताई, खोलीत तू एकटी होतीस. मी आलो ते आई गेल्यावर, सगळं आटोपल्यावर. तो आडवा हात तुझ्या पत्रातला आहे, मी शब्दही बदलला नाही. लिहिताना खरंच वाटत होतं, मीही तिथे आहे. की तसं वाटून घेतलं? माझं मलाच कळेनासं झालंय. ती ओळ ऐकून लोक डोळे पुसतात आणि मी मान खाली घालून दाद घेतो. लाज वाटते गं.

परवा बाईंना खरं ते कळवलं. आज उत्तर आलं: मग ‘ताईने’ असं करू, तुम्ही मराठीतही बदला. बदलू? की कविताच काढून टाकू? तू सांगशील ते. रागावून सांगितलंस तरी चालेल.

आणि एक. केस धुताना आई काही बोलायची का? माझ्याबद्दल नव्हे, आपलं सहज काहीतरी. ते तू पत्रात लिहिलं नव्हतंस, म्हणून मला माहीत नाही.

कवितेसाठी विचारत नाहीये.

तिथे नसलेला,
तुझा धाकटा