तुझ्या आईनं निवडलेलं गाव

वैशाली नगर, भिलाई
मंगळवार, सकाळी

प्रिय दीक्षा,

जय भीम. आठवड्यातून तीनदा आपण फोनवर बोलतो, मग बाबांना कागद कशाला लागला, असं तुला वाटेल. पण जे खरंच बोलायचं असतं ते मला फोनवर बोलता येत नाही, हे या चार वर्षांत मला पुरतं कळलं आहे. तुझं सगळं शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत झालं, मराठी वाचायला तुला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. दुपारी आपली छोटी मैत्री झोपली की निवांत वाच.

इकडे थंडी सुरू झाली. तुझ्या आईनं परसात मेथी आणि लाल भाजी लावली आहे, मेथीला कोंब आले. माझी तब्येत ठीक. कृष्णराव रायपूरला मुलाकडे राहायला गेले, हे मी तुला सांगितलं नव्हतं. हथखोजमधली त्यांची वेल्डिंगची शेड विकली गेली. रिटायर झाल्यापासून रोज दुपारी मी तिथं जाऊन बसायचो, पोरांना वेल्ड कुठं कच्चा राहिला ते दाखवायचो, तुला आठवत असेल. आता दुपारी मी घरीच असतो. पेपर वाचतो, आणि तुझी आई घरात कशी वावरते ते बघतो. नोकरीच्या बेचाळीस वर्षांत हे बघायला मला वेळच मिळाला नव्हता, किंवा मी काढला नव्हता.

मला तुझ्याशी त्या एप्रिलबद्दल बोलायचं आहे. तू तेव्हा शिमल्याला होतीस, पाचवा महिना लागला होता. आमचा जावई अमरदीप कुल्लूच्या पुढं बोगद्याच्या कामावर. बाळंतपणाच्या रजेनंतर बँक तुला तीन गावांपैकी एका गावी पाठवायला तयार होती, सोलन, मंडी नाही तर पालमपूर. तू फोनवर म्हणाली होतीस, "बाबा, तुम्ही दोघं बघून घ्या. जे गाव तुम्हाला आवडेल तिथं मी पोस्टिंग घेते. आपण सगळे साथ में राहू." आपली पोर आपल्याला गाव निवडायला सांगते आहे, या गोष्टीनं मी आठ दिवस फुगून गेलो होतो. रेल मिलच्या जुन्या दोस्तांना मी ते ज्याला त्याला सांगितलं.

अमरदीपनं रजा काढली आणि आम्हाला गाडीनं तिन्ही गावं दाखवली. मी डायरी घेऊन गेलो होतो. माझं उभं आयुष्य रुळांच्या तपासणीत गेलं. नवा रूळ समोर आला की त्यात दोष कुठं आहे ते शोधायचं, हेच माझं काम. गावंही मी तशीच तपासली. सोलनला माल रोडवरून घराकडे जायला पायऱ्याच पायऱ्या. मी लिहिलं, गुडघ्यांना झेपणार नाही. तुझी आई माझ्या पुढं वर पोचली होती आणि एका बाईला टोमॅटोचा भाव विचारत होती. मंडीत बियास नदी गावाच्या मधून जाते, बाजार रस्त्याच्या खाली खड्ड्यात उतरल्यासारखा. मी लिहिलं, पावसाळ्यात ओल. तिनं तिथं दोन किलो राजमा घेतला आणि अमरदीपला विचारलं, इथून तुझी साइट किती लांब. ती सगळीकडे हेच विचारत होती. अमरदीपला यायला किती वेळ लागेल, दवाखाना कुठं आहे, लहान पोराला ऊन मिळेल का.

पालमपूरला आम्ही जे घर बघायला गेलो ते एका रिटायर शिक्षिकेचं होतं. वरचा मजला, दोन खोल्या, मागं चहाचे मळे. पुढच्या खोलीच्या खिडकीतून बर्फाचा डोंगर एवढा जवळ दिसत होता की मी आधी त्याला ढगच समजलो. तुझी आई त्या खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. कोणाच्या घरात न विचारता अशी बसताना मी तिला कधी पाहिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "इथं बाळाची खाट ठेवू. सकाळचं ऊन इथं येऊन राह्यलं." मग त्या बाईंना तिच्या तुटक्या हिंदीत विचारलं, इथं मेथी मिळते का, हिवाळ्यात कपडे किती दिवसांनी वाळतात. त्या बाईही खूष झाल्या. दोघींचं असं जमलं की अमरदीप माझ्याकडे बघून हसला.

बाईंनी चहा आणला. मग एक वही उघडली आणि मला विचारलं, "आपका पूरा नाम?" मी म्हटलं, आनंदराव. त्यांनी लिहिलं, आणि वर बघून विचारलं, "आगे?"

दीक्षा, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुमसरजवळच्या आमच्या गावात शाळेत मास्तर नवीन आले की पहिल्या दिवशी प्रत्येकाला पूर्ण नाव विचारायचे. मी मेश्राम म्हटलं की पुढच्या दिवसापासून माझी पाटी लांबूनच तपासली जायची. मी अठरा वर्षांचा असताना भिलाईला आलो आणि मिलमध्ये लागलो, तेव्हा मला टोकन नंबर मिळाला. इथं सगळेच बाहेरून आलेले. कोणी आंध्रातला, कोणी केरळातला, कोणी बिहारातला, कोणाचंच हे बापजाद्यांचं गाव नाही. माझं नाव विचारायच्या आधी लोक माझं काम बघायचे. मी इथं खालून वर चढलो, घर बांधलं, तुला शिकवलं. त्या बाईंनी आगे विचारलं आणि मी एका क्षणात परत त्या शाळेच्या ओट्यावर जाऊन पडलो. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून कोणाला तरी सिद्ध करून दाखवायचं, ही ताकद माझ्यात उरली नव्हती. मी कप खाली ठेवला, विचार करून सांगतो म्हटलं आणि जिना उतरलो. तुझी आई खिडकीतून उठली आणि माझ्या मागं आली. 

गाडीत मी दोष सांगत बसलो. जिना उभा आहे, थंडी फार, दवाखाना लांब. अमरदीप म्हणाला, "बाबा, हॉस्पिटल तर दस मिनट पर आहे." मी ऐकलं नाही असं केलं.

नंतर कितीतरी दिवसांनी अमरदीपनं बोलता बोलता सांगितलं की तिकडे भाडेकरूचं पूर्ण नाव पोलिसांच्या फॉर्मवर द्यावं लागतं, घरमालक सगळ्यांनाच विचारतात. आणि खरं सांगायचं तर मेश्राम म्हणजे कोण, हे पालमपूरच्या त्या म्हाताऱ्या शिक्षिकेला कुठून कळणार होतं? कदाचित विचारलंही असतं तिनं पुढं काही. कदाचित नसतं. मी थांबलोच नाही, म्हणून मला ते कधीच कळणार नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. काय ठरलं, तू विचारलंस. मला तुला हे सगळं सांगता आलं नाही. आपल्या पोरीच्या नजरेत आपण कसे आहोत, याची बापाला फार फिकीर असते. मी म्हटलं, "तुझी आई नाही म्हणते. तिले भिलाई सोडवत नाही." तू मग विचारलंस, "आई असं म्हणाली?" मी हो म्हटलं. तू म्हणालीस, तिला फोन द्या. मी म्हटलं, ती शेजारी गेली आहे.

ती शेजारी गेली नव्हती. तांदळाचं सूप हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं, आत गेली, आणि मला सुपाचा आवाज ऐकू आला. तांदूळ पाखडत होती.

पुढचं तुला माहीत आहे. तू तिच्याशी बोलणं कमी केलंस. बाळंतपणाला ती यायला निघाली होती, बॅग भरली होती, तर तू म्हणालीस, अमरदीपची आई येते आहे, तुम्ही त्रास घेऊ नका. जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या शिवून तिनं पाठवल्या. पार्सल पोचल्याचं तू मला कळवलंस, तिला नाही. एकटीनं राहायचं तर निदान अमरदीप जवळ पडेल, म्हणून तू मंडी घेतलंस. दीड महिन्यानं सासूबाई परत गेल्या. पाच महिन्यांच्या पोरीला तू पाळणाघरात ठेवलंस, जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला, आणि मॅनेजर व्हायला सहा महिने राहिले असताना तू बँक सोडलीस. त्या दिवशी फोनवर तू माझ्याशी रडलीस. म्हणालीस, "बाबा, आई असती तर हे झालं नसतं." मी म्हटलं, हो बेटा. माझ्या तोंडून हो गेलं, दीक्षा. तेव्हासुद्धा मी खरं सांगितलं नाही. खोटं बोललो त्याहून हे हो मला जास्त लागतं.

परवाच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मैत्रीनं विचारलं, "आजी, तुम हमारे घर क्यों नहीं आती?" तू मागून म्हणालीस, "आजीला तिचं घर सगळ्यात प्यारं आहे." तुझी आई हसली आणि पोरीला परसातली सदाफुली दाखवायला फोन घेऊन बाहेर गेली. कॉल संपल्यावर बराच वेळ ती आत आली नाही. मी जाऊन बघितलं तर नळाजवळ बसून घासलेली भांडी पुन्हा घासत होती.

मी तिच्याजवळ पाट घेऊन बसलो. म्हटलं, मी पोरीला खरं सांगतो. ती म्हणाली, आता चार वर्षांनी सांगून काय करता. मी विचारलं, "तू त्याच दिवशी कावून नाही बोलली?" ती हात धूत म्हणाली, "तुमी तिच्या नजरेतून उतरले असते, तर तुमाले पुन्हा चढता आलं नसतं. मले वाटलं, मी उतरली तर मी चढून घेईन."

मग तिनं मला विचारलं, पालमपूरच्या त्या बाईंच्या घरातून मी असा का निघालो. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं, शाळेपासून सगळं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, माझ्या गावातही मास्तर तसेच होते, मलाही आडनाव तेच लागलं आहे, आणि तरी मी त्या खिडकीत बसले होते. तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, तुम्हाला भीती वाटली तर मला सांगायचं होतं, आपण मिळून त्या बाईंना नाव सांगितलं असतं.  ती उठली, भांडी आत नेली आणि आतूनच म्हणाली, "माझं तिकीट काढा. एकच काढा."

मी ते काढलं आहे. पुढच्या शुक्रवारी छत्तीसगड एक्स्प्रेसनं तुझी आई दुर्गहून निघते, रविवारी अंबाल्याला उतरेल. अमरदीपला स्टेशनवर पाठव, ती एकटी कधी इतक्या लांब गेलेली नाही. मी येत नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी मागून या, पोरीनं बोलावलं तर." तिनं मला हेही बजावलं आहे की तुला काही सांगायचं नाही, ती स्वतःही सांगणार नाही. तू दारात जे बोलशील ते ऐकून घेईल, आणि सकाळी मैत्रीचं दूध गरम करायला लागेल. म्हणून हे पत्र तिच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं. तुझ्याकडे यायला तिनं कधीच नकार दिला नव्हता, बेटा. नकार माझा होता. तुला मला जे म्हणायचं असेल ते तुझ्या सवडीनं म्हण, किंवा म्हणू नकोस. पण रविवारी दार उघडशील तेव्हा, आता कशी आलीस, असं तिला विचारू नकोस. तिला आत घे, आणि ज्या खोलीत सकाळचं ऊन येतं ती तिला दे.

तुझाच, चुकलेला,
बाबा